घर बंद दिसले म्हणून यादीतून काढू नका

सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर विद्यार्थी, त्यांचे अध्यापक आणि त्यांच्याबरोबर गावात फिरणारे आरोग्य कर्मचारी यांच्या पत्रांतले निवडक प्रश्न. उत्तरे पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात शिकवणाऱ्या दोघा अध्यापकांची.

प्रश्न : मी एमडी पीएसएमच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय आहे बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील गरोदर मातांमधला रक्तक्षय. एथिक्स कमिटीची मान्यता दिवाळीच्या सुमारास मिळेल. सीनियर म्हणतात, डिसेंबर-जानेवारीत उरकून टाक, ऊन नसते. सॅम्पल साइज, म्हणजे किती जणींना तपासायचे तो आकडा, २०४ आली आहे. चालेल का?
— निवासी डॉक्टर, अंबाजोगाई

उत्तर : डिसेंबर-जानेवारीत ऊन नसते हे खरे, पण त्या दिवसांत माणसेही नसतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. वाडीवर आणि तांड्यावर मागे राहतात म्हातारी माणसे आणि काही पोरे. गरोदर बाईसुद्धा कोयत्याबरोबर जाते, कारण कोयता म्हणजे जोडपे. उचल, म्हणजे मुकादमाकडचे आगाऊ पैसे, दोघांच्या नावावर घेतलेली असते. जी बाई दिवसभर मोळ्या वाहते, जिची एखादी तपासणी कारखान्याच्या गावी झाली तर झाली, तिचेच रक्त कमी असण्याची शक्यता जास्त, आणि नेमकी तीच तुमच्या यादीतून गळेल. मग प्रबंधात जो टक्का छापला जाईल तो गावात राहू शकलेल्या बायकांचा असेल आणि मथळ्यात मात्र सगळ्या गरोदर मातांचे नाव असेल.

म्हणून नोव्हेंबर ते मार्च हे महिने तयारीला द्या. प्रश्नावलीची पूर्वचाचणी, हिमोग्लोबिनोमीटर प्रयोगशाळेतल्या यंत्राशी पडताळून घेणे, रिकामे तक्ते आखणे आणि बीसीबीआरचा (संशोधनपद्धतीचा) ऑनलाइन कोर्स राहिला असेल तर तो. माहिती एप्रिल ते सप्टेंबर गोळा करा. त्यातही जून-जुलैत पेरणी आणि पुढे खुरपणी असते, तेव्हा सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी सहानंतरच घर गाठा. तुमची डीआरपीची (जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काम करायची) तीन महिन्यांची पाळी तिसऱ्या, चौथ्या की पाचव्या सत्रात येते हे विभागातून आजच विचारून घ्या. ती एप्रिलात दुसऱ्या जिल्ह्यात लागली तर सगळे वेळापत्रक कोलमडते, आणि प्रबंध तर परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा असतो.

आता २०४. रक्तक्षयाचे प्रमाण ५० टक्के आणि अचूकता (आकडा दोन्ही बाजूंना किती चुकला तर चालेल ती) ७ टक्के धरून ४ × ५० × ५० भागिले ४९ असे केलेले दिसते. गणित बरोबर आहे, पण ते साध्या यादृच्छिक निवडीचे. तुम्ही गावे निवडून त्यांतल्या माता घेणार असाल तर एका गावातल्या बायका एकमेकींसारख्या असतात, त्यासाठी डिझाइन इफेक्ट हा वाढीव गुणक धरावा लागतो. तो दीड धरला तर ३०६. त्यातून २० टक्के जणी भेटणार नाहीत असे गृहीत धरले तर ३०६ ला ०.८ ने भागायचे, म्हणजे ३८३. इथे बहुतेक प्रबंधांत ३०६ ला १.२ ने गुणून ३६७ लिहिलेले असते. ते चूक आहे, कारण ३६७ चे ८० टक्के २९४ होतात, ३०६ नव्हे. परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात. आता ३८३ गरोदर माता एका केंद्राच्या हद्दीत एका वेळी मिळतील का, हेही रजिस्टरवरून पाहा. नसतील तर शेजारचे केंद्र घ्या किंवा अचूकता सैल करा, पण ते आज ठरवा. निकाल हाती आल्यावर नको.

यादीची तारीख एकच धरा. आशाताईंची नोंदवही, उपकेंद्राचे आरसीएच (माता-बाल आरोग्य) रजिस्टर आणि घरभेट या तिन्हींची सांगड घालून 'अमुक तारखेला हद्दीत असलेल्या गरोदर माता' अशी यादी करा. 'सहा महिन्यांपासून राहणारी' अशी अट टाकाल तर पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुलगी माहेरच्या गावात बसत नाही आणि सासरी तर ती नसतेच. दोन्ही याद्यांतून सुटते. अशा मुलींना घ्या, आणि 'माहेरपणाला आलेली' असा वेगळा रकाना ठेवा.

कुलूप दिसले की पुढच्या घरी जाऊन आकडा भरून काढायचा मोह होतो. तो टाळा. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या वेळी जा. त्यातली एकही वेळ आठवडी बाजाराची नसावी. तरीही कुलूपच असेल तर शेजाऱ्यांना विचारून कारण लिहा: ऊसतोड, पुण्याला कामाला, माहेरी, दवाखान्यात, कायमचे स्थलांतर. प्रबंधात या घरांचा स्वतंत्र तक्ता द्या. किती जणी यादीत होत्या, किती भेटल्या, न भेटलेल्या कुठे होत्या हा तक्ता आमच्या मते तुमच्या प्रबंधातला सर्वांत मोलाचा तक्ता ठरेल.

मोजताना एक गोष्ट सांभाळा. बोटातून थेंब येत नाही म्हणून बोट पिळले की पेशींमधले पाणी रक्तात मिसळते आणि आकडा खाली येतो. मधले किंवा अनामिका बोट घ्या, हात आधी चोळून गरम करा, स्पिरिट पूर्ण वाळू द्या, बोटाच्या पेराच्या कडेला टोचा, पहिला थेंब पुसून टाका आणि त्यानंतरचा आपसूक आलेला मोठा थेंब घ्या. क्युव्हेटमध्ये (थेंब घ्यायच्या छोट्या पट्टीत) हवेचा बुडबुडा राहिला तर ती फेकून दुसरी घ्या. रक्तक्षयाची रेषा कोणती धरली तेही नीट लिहा. अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदरपणी हिमोग्लोबिन डेसिलिटरला ११ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दुसऱ्या तिमाहीसाठी ही रेषा १०.५ केली. दोन्ही रेषांनी टक्के काढून ठेवा, म्हणजे जुन्या अभ्यासांशीही तुलना करता येईल.

प्रश्न : मॅडम, मी गटप्रवर्तक आहे. दर वर्षी कॉलेजची मुले-मुली येतात. आमच्या आशा त्यांना दिवसभर घरोघर फिरवतात. बायका माझ्या आशांना नंतर विचारतात, 'त्या पोरीनं रक्त काढून नेलं, काय निघालं?' आशांकडे उत्तर नसते. आम्ही या मुलांना काय सांगावे?
— एक गटप्रवर्तक, केज तालुका

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि ती तुम्ही विद्यार्थ्यांपाशी न करता थेट त्यांच्या विभागप्रमुखांपाशी लेखी केली पाहिजे. पुढच्या वेळी पथक येईल तेव्हा पहिल्या दिवशीच चार गोष्टी मागा.

तपासणीचा निकाल त्या बाईला तिथल्या तिथे, तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून मिळाला पाहिजे. हिमोग्लोबिन, रक्तदाब, वजन, मुलाच्या दंडाचा घेर हे सारे जागेवर कळते. ते वहीत लिहून नेण्याचे काहीच कारण नाही. दुसरे, धोक्याची रेषा ओलांडलेली कुणी सापडली तर त्याच दिवशी उपकेंद्राच्या एएनएमताईंना (परिचारिकेला) फोन आणि हातात चिठ्ठी. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ७ च्या खाली, रक्तदाब १४०/९० किंवा जास्त, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत, या त्या रेषा. रक्तदाब १६०/११० किंवा जास्त असेल तर चिठ्ठी लिहीत बसू नये, १०८ बोलवावी. तिसरे, आशांचा दिवस. त्यांना कामावर आधारित मोबदला मिळतो, सर्वेक्षणात गेलेला दिवस त्यांच्या इतर कामातून कापला जातो. प्रवास आणि दिवसाचा मोबदला अभ्यासाच्या अंदाजपत्रकात असला पाहिजे आणि एथिक्स कमिटीला दिलेल्या प्रस्तावात तो दिसला पाहिजे. चौथे, काम संपल्यावर दोन महिन्यांत एका पानाचा मराठी अहवाल: किती जणींना पाहिले, काय आढळले, गावाने आणि केंद्राने काय करावे. तो ग्रामसभेत किंवा गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत वाचला जावा.

या अहवालाबाबत विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. छोट्या वाडीचे आकडे नाव घालून छापू नका. 'अमुक तांड्यावर गर्भपिशवी काढलेल्या २ महिला' असे लिहिले की त्या दोघी कोण हे अख्ख्या गावाला कळते. पाचपेक्षा कमी संख्या असेल तर दोन-तीन वाड्या एकत्र करून लिहा.

प्रश्न : सहायक प्राध्यापक म्हणून नुकताच रुजू झालो. ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रावर विहीर शुद्धीकरणाचे प्रात्यक्षिक घ्यायचे असते. ब्लीचिंग पावडर किती, तर मुले 'हजार लिटरला अडीच ग्रॅम' पाठ म्हणतात आणि मोकळी होतात. हे नीट कसे शिकवावे?
— अध्यापक, नांदेड

उत्तर : मुलांना दोर द्या आणि विहिरीवर न्या. वर्गात हे शिकता येत नाही.

आधी व्यास. गोल विहिरीच्या काठावरून दोन-तीन दिशांनी दोर ताणून सरासरी घ्या, कारण आपल्याकडच्या जुन्या दगडी विहिरी क्वचितच पुऱ्या गोल असतात. मग दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडा, वर काढा आणि दोराचा ओला भाग मोजा, ती पाण्याची खोली. विहिरीची खोली आणि पाण्याची खोली यांत गल्लत करणारा एक तरी गट प्रत्येक बॅचमध्ये असतो. व्यास ४ मीटर आणि पाणी ५ मीटर असेल तर ३.१४ × ४ × ४ × ५ भागिले ४, म्हणजे ६२.८ घनमीटर, अर्थात ६२,८०० लिटर. अडीच ग्रॅमच्या हिशेबाने टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, लागेल १५७ ग्रॅम.

इथे थांबू नका. त्याच पाण्यावर हॉरॉक्सची चाचणी घ्या, त्या पाण्याला प्रत्यक्षात किती पावडर लागेल ते तीत कळते. काळ्या कपात खुणेपर्यंत पाणी घेऊन २ ग्रॅम पावडर कालवायची. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचे पाणी भरून पहिल्यात त्या द्रावणाचा १ थेंब, दुसऱ्यात २, असे सहापर्यंत टाकायचे, ढवळून अर्धा तास ठेवायचे आणि मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे ३ थेंब. ज्या कपात पहिल्यांदा ठळक निळा रंग येतो त्याचा क्रमांक गुणिले २, इतके ग्रॅम ४५५ लिटरला लागतात. समजा दुसऱ्या कपात निळे आले, तर ४५५ लिटरला ४ ग्रॅम, म्हणजे या विहिरीला सुमारे ५५२ ग्रॅम. पाठ केलेल्या नियमाच्या साडेतीन पट. हा फरक मुलांनी स्वतःच्या हाताने काढलेला असला की नियम कशासाठी आणि चाचणी कशासाठी हे वेगळे सांगावे लागत नाही. अडीच ग्रॅमचा नियम स्वच्छ पाण्यासाठी आणि चांगल्या पावडरीसाठी आहे. पाण्यात पालापाचोळा, शेणकाला, गाळ असला की क्लोरीन आधी त्यावर खर्च होते. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असते, पण ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडे पडलेल्या पोत्यातले पावसाळ्यानंतर किती उरले असेल ते त्याच्या वासावरूनच कळते. पोत्यावरची उत्पादनाची तारीख वाचायला लावा, आणि साठ्याचा नमुना प्रयोगशाळेत शेवटचा कधी गेला होता हे जलसुरक्षकाला विचारायला लावा.

पावडर थेट विहिरीत फेकू नये. एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. थोड्या पाण्यात लगदा करून बादली पाऊण भरा, ढवळून पाच-दहा मिनिटे निवळू द्या. चुना तळाशी बसतो. वरचे निवळ दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत पाण्याखाली सोडा आणि दोर वर-खाली, आजूबाजूला हलवा. चुना विहिरीत टाकला तर पाणी जड होते. शुद्धीकरण रात्री झाले तर उत्तम, कारण पुढचा किमान तासभर कुणी पाणी शेंदू नये.

मग ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिन टाकून पाण्यातले क्लोरीन पाहणे. पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत वाचायचा. मुले नळी हातात धरून गप्पा मारतात, पाच मिनिटांनी रंग गडद झालेला पाहतात आणि 'क्लोरीन भरपूर' लिहितात. उशिरा येतो तो संयुक्त क्लोरीनचाही रंग असतो. मोकळे क्लोरीन तासाभरानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम असावे, आणि नळयोजना असेल तर शेवटच्या नळाला किमान ०.२. टाकीखालच्या पहिल्या नळाची नोंद घेऊन परतण्यात अर्थ नाही. तपासून झालेले ओटीचे पाणी परत विहिरीत किंवा हंड्यात ओतू नका, ते रसायन विषारी आहे.

दोन गोष्टी मराठवाड्यासाठी जोडून घ्या. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते तिथे ते टाकी, रांजण, ड्रम यांत साठते. साठवणीत क्लोरीन एक-दोन दिवसांत उडून जाते आणि झाकण नसेल तर एडिस डासाची अंडी पडतात. म्हणून ओटी टेस्ट नळाबरोबर घरातल्या रांजणाचीही घ्या, आणि त्याच फेरीत टॉर्चने अळ्या पाहून हाउस इंडेक्स (अळ्या सापडलेल्या घरांचा टक्का) काढा. दुसरी गोष्ट, क्लोरीनने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. किनवटच्या बाजूला मुले फिरत असतील तर हातपंप आणि बोअरचे अहवाल मागवून घ्या. फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५. शाळेतल्या मुलांच्या दातांवरचे पांढरट-तपकिरी पट्टे दाखवले की विद्यार्थ्यांना हे पुन्हा सांगावे लागत नाही.

प्रश्न : कुटुंबाचा आर्थिक स्तर ठरवणाऱ्या बी. जी. प्रसाद वर्गीकरणासाठी दरडोई मासिक उत्पन्न विचारले की शेतकरी हसतात. 'महिन्याला कुठं असतंय?' म्हणतात. मग आम्ही अंदाजाने लिहितो. काय करावे?
— एमपीएचची (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) विद्यार्थिनी, मूळ गाव परभणी

उत्तर : ते बरोबरच बोलतात. प्रश्न तुम्ही पगारदाराचा विचारताय. महिना विसरा आणि गेल्या पाडव्यापासूनचे वर्ष धरा. सोयाबीन किती क्विंटल निघाले, कितीला विकले, कापूस किती, तूर-हरभरा किती, बी-खत-फवारणी-मळणीला किती गेले. मग दूध, शेळ्या, मजुरीचे दिवस आणि रोज, पुण्या-मुंबईहून मुलाने पाठवलेले पैसे, निराधार किंवा श्रावणबाळचे अनुदान, लाडक्या बहिणीचे पैसे. सगळ्याची बेरीज, त्यातून शेतीखर्च वजा, भागिले १२, भागिले एका चुलीवर जेवणारी माणसे. शिधापत्रिकेवरची माणसे मोजू नका, वेगळी राहणारी भावंडेही त्यावर असतात.

ऊसतोड कुटुंबात उचल म्हणजे उत्पन्न नव्हे. मुकादमाने आगाऊ दिलेले पैसे तोडणीतून फिटतात. हंगामात किती टन तोडले आणि दर काय, यावर कमाई धरा. फिटली नाही ती बाकी कर्जात लिहा. उचलच उत्पन्न म्हणून लिहिली की ही कुटुंबे कागदावर मध्यम वर्गात जाऊन बसतात, आणि गरिबीचा आजाराशी संबंध नाही असा निष्कर्ष निघतो. घरी खाल्लेल्या ज्वारीची किंमत धरायची की नाही ते सुरुवातीलाच ठरवा आणि सर्वांना तोच नियम लावा. प्रसाद यांचे वर्गीकरण १९६१ चे आहे, ते औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने दर वेळी सुधारून घ्यायचे असते. माहिती ज्या महिन्यात गोळा केली त्या महिन्याचा निर्देशांक वापरा आणि महिन्याचे नाव तक्त्याखाली लिहा. या एका प्रश्नाला घरटी दहा-बारा मिनिटे लागतील. मग प्रश्नावलीतले दुसरे चार बिनकामाचे प्रश्न काढा.

प्रश्न : आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. मार्गदर्शकांनी परवानगी दिली आहे. कशी तयारी करावी?
— एमपीएचचा विद्यार्थी, मूळ गाव लातूर जिल्हा

उत्तर : त्या घरात तुमच्या आधी तलाठी, पोलीस पाटील, पत्रकार, पुढारी येऊन गेलेले असतात. शासनाची एक लाखाची मदत प्रकरण 'पात्र' ठरले तरच मिळते. त्यामुळे वही घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाच्या हातात तो निर्णय आहे असे घरच्यांना वाटते, आणि कर्जाचे, व्यसनाचे, आजाराचे प्रश्न आले की उत्तरे त्या हिशेबाने येतात. यात त्यांचा काडीचाही दोष नाही. म्हणून पहिले वाक्य हेच हवे: 'मी सरकारी माणूस नाही, माझ्या लिहिण्याने मदत मिळणार नाही आणि अडणारही नाही.' हे संमतिपत्रातही लिहा, तोंडीही सांगा. तलाठ्याबरोबर किंवा सरकारी गाडीतून जाऊ नका.

घटनेनंतर पहिले तीन महिने तरी जाऊ नये. वर्षश्राद्ध, पोळा, दिवाळी हे दिवस टाळा. विधवेची मुलाखत सासरे-दीर समोर बसलेले असताना होत नाही. सोबतीला बाईच घ्या आणि विधवेला वेगळी जागा व वेळ विचारा. मृत्यू कसा झाला याचा तपशील खोदू नका, अभ्यासाला त्याची गरज नसते. ती रडू लागली तर प्रश्न थांबवा, वही मिटा, पाणी द्या, बसून राहा. पुढे बोलायचे की नाही हे तिने ठरवायचे. तिच्या मनातही तसे विचार येत असल्याचे जाणवले तर सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. होय म्हणाली तर तिला एकटे सोडून निघू नका, घरातल्या विश्वासाच्या माणसाला सोबत घ्या, टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक तिथेच लावून द्या, आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाशी आधीच बोलणी करून ठेवा. या सगळ्याची लेखी कार्यपद्धती एथिक्स कमिटीला दिल्याशिवाय सुरुवात करू नका.

स्वतःलाही जपा. दिवसाला दोनपेक्षा जास्त मुलाखती नकोत. आठवड्यातून एकदा मार्गदर्शकांशी तासभर बोलणे ठरवून घ्या, आणि ते बोलणे आकड्यांवर नको, ऐकलेल्या गोष्टींवर हवे. झोप उडाली, जेवण जात नाही असे झाले तर काम थांबवा. मार्गदर्शकांना आमची विनंती: शेतकरी घरातून आलेल्या विद्यार्थ्याला हा विषय देताना त्याच्या घरची परिस्थिती विचारा.

प्रश्न : परवानगी नेमकी कुणाची लागते? एका कार्यालयातून दुसरीकडे पाठवतात.
— एमपीएच, तिसरे सत्र, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : एथिक्स कमिटीचे पत्र आधी, बाकी सगळे नंतर. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि त्यांच्या पत्राची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. शहरातले नागरी केंद्र महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. अंगणवाडीला आरोग्य खात्याचे पत्र चालत नाही, तिथे एकात्मिक बालविकास सेवा योजनेची जिल्ह्याची परवानगी आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना प्रत. शाळा शिक्षणाधिकाऱ्यांकडे. ग्रामपंचायतीला पत्र द्याच.

अर्ज एका पानाचा असावा: विषय, गावे, तारखा, कर्मचाऱ्यांकडून नेमके काय हवे आणि काय नको. 'सहकार्य मिळावे' इतकेच लिहिले की फाइल पडून राहते. '४ ते २० जून, आशांनी फक्त पहिल्या दिवशी घर दाखवावे' असे लिहिले की सही होते. संमतिपत्र मराठीत, आणि निरक्षर व्यक्तीच्या अंगठ्यासोबत अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही. आशाताई तुमच्या अभ्यासात काम करत असतील तर त्या साक्षीदार चालत नाहीत. मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीबरोबरच मुलाचाही होकार लागतो: ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ लेखी.

प्रश्न : मी बीएएमएस आहे. एमपीएच करावे का? एमडी पीएसएमशी ते तुल्य आहे का?
— वैद्य, उदगीर

उत्तर : नाही. एमडी पीएसएम एमबीबीएसनंतर नीट-पीजीने, तीन वर्षांचे. एमपीएच दोन वर्षांचे. ते अनेक संस्थांत आयुष, दंतवैद्यक, नर्सिंग, समाजकार्य, संख्याशास्त्र अशा पदवीधरांना खुले असते, पण संस्थेगणिक पात्रता बदलते. एमपीएचने रुग्ण तपासण्याचा कोणताही नवा अधिकार मिळत नाही. नोकऱ्या राष्ट्रीय आरोग्य अभियानात साथरोगतज्ज्ञ, कार्यक्रम व्यवस्थापक, सल्लागार अशा मिळतात. त्या बहुतांशी कंत्राटी असतात हे घरच्यांना आधीच सांगा. शिवाय स्वयंसेवी संस्था आणि संशोधन प्रकल्प. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुणे विद्यापीठाचा आरोग्यशास्त्र विभाग, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र यांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचा. कुठेही प्रवेश घेण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारा: क्षेत्रकार्य किती आठवडे, संख्याशास्त्र शिकवणारे पूर्णवेळ आहेत का, आणि प्रबंधाची माहिती तुम्ही स्वतः गोळा केली का. तिसऱ्याचे उत्तर 'तयार डेटा दिला होता' असे आले तर फी कितीही कमी असो, दुसरीकडे पाहा.

प्रश्न : गाइड मसुदा वाचतच नाहीत. शेवटच्या आठवड्यात सगळे बदलायला लावतील अशी भीती वाटते. आणि साहित्यचोरीची तपासणी किती टक्क्यांपर्यंत चालते?
— एमपीएच, चौथे सत्र, मूळ गाव हिंगोली

उत्तर : दीडशे पानांची फाइल पाठवून 'सर, कृपया पाहावे' असे लिहिले तर ती कुणीही वाचत नाही. गाइडांच्या माथी सहा-सात विद्यार्थी, तासिका, निरीक्षणे आणि समित्या असतात. एका वेळी एक प्रकरण पाठवा आणि सोबत दोन-तीन नेमके प्रश्न: 'तक्ता ७ मध्ये वयोगट तीन ठेवू की चार?' उत्तर हो-नाहीत देता येईल असे विचारले की फोनवरही काम होते. भेटीनंतर काय ठरले ते चार ओळींत मेल करून ठेवा. शेवटच्या आठवड्यातली उलथापालथ बहुधा तक्त्यांवरून होते, म्हणून रिकामे तक्ते माहिती गोळा करण्याआधीच त्यांच्याकडून मंजूर करून घ्यायचे असतात. तुमची ती वेळ गेली असेल तर आज फक्त तक्ते घेऊन जा, मजकूर नको. अध्यापकांनाही सांगतो, आठवड्याचा एक तास प्रबंधासाठी दारावर लिहून ठेवला तर मुले दिवसभर दाराबाहेर ताटकळत नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा सादर करावे लागते, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, त्यापुढे नोंदणीच रद्द होते. पण १० टक्क्यांत बसवण्यासाठी शब्द फिरवणारी साधने वापरू नका. त्यांनी 'केस-कंट्रोल' या अभ्यासपद्धतीच्या नावाचेही काहीतरी भलतेच झालेले आम्ही प्रबंधांत पाहिले आहे. लेख वाचा, बंद करा आणि मग आपल्या शब्दांत लिहा. संगणकाने सुचवलेला प्रत्येक संदर्भ उघडून पाहा, अस्तित्वात नसलेले लेखही त्यात निघतात. आणि तुमच्या यादीत होत्या पण भेटल्या नाहीत अशांचा आकडा पद्धतीच्या प्रकरणात न ठेवता निकालाच्या पहिल्या तक्त्यात आणा. परीक्षकांनी तो शोधण्याआधी तुम्ही तो दाखवलेला बरा.